सल्फेटची गाठ

सावजी खाणारा नागपूरकर तिखटाबद्दल जितक्या अभिमानाने बोलतो, तितक्याच बारकाईने खुरांच्या रश्श्याच्या चिकटपणाबद्दल बोलतो. रस्सा ओरपला की ओठाला ओठ चिकटला पाहिजे, नाहीतर खूर लवकर उतरवले असं समजायचं. हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतली ही रांधणी गोळीबार चौक, इतवारीकडच्या खानावळींमधून शहरभर पसरली. हा चिकटपणा कुठून येतो हे आता बहुतेकांना ठाऊक असतं: खुरांच्या कातडीतलं, स्नायुबंधांतलं कोलॅजन तासन्‌तास शिजून जिलेटिन होतं. पण त्याच पातेल्यात आणखी एक पदार्थ उतरलेला असतो. त्याला चव नाही, वास नाही, आणि वाटी रिकामी करणाऱ्या माणसाच्या लाळेत, जठरात किंवा लहान आतड्यात त्याला तोडू शकेल असा एकही रस नाही. त्याचं नाव कॉन्ड्रॉइटिन सल्फेट. या प्रकरणात त्याची आणि त्याच्या भाऊबंदांची ओळख करून घ्यायची आहे, आणि त्याहून जास्त, त्यांना तोडणाऱ्या विकरांची, म्हणजे एन्झाइमांची.

बकऱ्याच्या खुराच्या सांध्यात काय किंवा आपल्या गुडघ्यात काय, हाडांच्या टोकांवर पांढुरकी, गुळगुळीत कूर्चा असते. तिच्या वजनातला 70 ते 80 टक्के भाग पाण्याचा असतो. इतकं पाणी असूनही आपण उभं राहिलो की ते निथळून जात नाही, याचं श्रेय कॉन्ड्रॉइटिन सल्फेटला. दोन शर्करा एकाआड एक जोडत गेलेली ही लांब साखळी असते: ग्लुक्युरॉनिक आम्ल, मग एन-असिटिल गॅलॅक्टोसामीन, पुन्हा ग्लुक्युरॉनिक आम्ल. मधल्या शर्करांवर सल्फेटचे गट बसवलेले असतात. आम्लाच्या गटावर ऋणभार, सल्फेटवर ऋणभार. त्यामुळे साखळीचे सगळे भाग एकमेकांना दूर ढकलतात, भोवतीचं सोडियम ओढून घेतात आणि सोडियमच्या मागे पाणी येतं. अशा शंभरेक साखळ्या एका प्रथिनाच्या दांड्यावर बसल्या की ॲग्रेकन नावाचा प्रचंड रेणू तयार होतो. पाऊल टाकलं की त्यातलं थोडं पाणी बाहेर दाबलं जातं, पाऊल उचललं की परत आत येतं. सांध्याची सगळी उशी या ये-जा करणाऱ्या पाण्याची आहे.

अशा सल्फेटधारी बहुशर्करा निसर्गात कमी नाहीत. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन हे याच घराण्यातलं. त्याचा सौम्य भाऊ हेपरान सल्फेट आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर असतो. त्वचेत डर्मटान सल्फेट आहे. समुद्री शेवाळांत कॅरॅजीनन, पॉर्फिरान, फ्युकॉइडान आहेत. आइस्क्रीम दाट करायला कॅरॅजीनन वापरतात. विदर्भाला समुद्र नाही, पण लोणार आहे. तिथल्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात स्पायरुलिना मुबलक वाढते, आणि स्पायरुलिनातही सल्फेटधारी शर्करा सापडते. जून 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यात लक्ष घातलं, नमुने नागपूरच्या नीरीकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले, आणि आघारकरने त्या रंगाचा ठपका आर्किया नावाच्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांवर ठेवला. या मीठप्रेमींच्या कुळातल्या काहींनी आपली भिंतसुद्धा सल्फेट लावलेल्या शर्करांचीच बांधलेली असते. मिठात राहणाऱ्याला, मग तो शेवाळ असो की सूक्ष्मजीव, ऋणभाराने पाणी धरून ठेवणारं आवरण उपयोगी पडतच असावं, असा माझा तर्क आहे.

आता तोडण्याकडे वळू. ज्वारीच्या भाकरीतलं पिष्टही साखळीच असतं, पण तिथे सगळे मणी ग्लुकोजचे, जोडही साधे. घास चघळतानाच लाळेतलं अमायलेझ ती कापायला लागतं. कॉन्ड्रॉइटिन सल्फेटपुढे अमायलेझचं काही चालत नाही. शर्करा वेगळ्या, जोड वेगळे, आणि वर सल्फेट. विकराच्या अंगावर एक खोबण असते, तिच्यात साखळीचा ठरावीक तुकडा बसला तरच काप होतो. सल्फेटचा फुगीर, ऋणभारित गट मध्ये आला की तुकडा खोबणीत बसत नाही. विणकराला हे पटकन कळेल: सूत उलगडत यावं आणि मध्येच गाठ लागावी, तसं. गाठ सोडवल्याशिवाय पुढचं सूत मोकळं होत नाही, आणि ओढाओढ करून ती सुटतही नाही. म्हणून या बहुशर्करा पचवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जीवाला दोन प्रकारची अवजारं ठेवावी लागतात. साखळी कापणारी वेगळी आणि सल्फेट उतरवणारी वेगळी. दुसऱ्या प्रकाराला सल्फटेझ म्हणतात.

सल्फटेझ हे विचित्र विकर आहे. पेशी ते आधी इतर कुठल्याही प्रथिनासारखंच बनवते, पण तसं बनलेलं सल्फटेझ निकामी असतं. त्याच्या गाभ्यातलं सिस्टीन हे अमिनो आम्ल बदलून फॉर्मिलग्लायसीन करावं लागतं, तेव्हा कुठे त्याला धार येते. हे धार लावण्याचं काम करणारं प्रथिन माणसात एकच आहे. आपल्या जनुकसंचात 17 सल्फटेझांच्या कृती आहेत, आणि सतराच्या सतरा त्या एका कारागिरावर अवलंबून. तो कारागीर जन्मतः बिघडलेला असेल तर सगळीच सल्फटेझं एकाच वेळी कमजोर पडतात. असा दुर्मीळ आजार आहे आणि तो फार क्रूर आहे.

सतरा आकडा लक्षात ठेवून आता आपल्याच मोठ्या आतड्यात डोकावू. तिथे राहणाऱ्या बॅक्टेरॉइडिस थीटायोटाओमायक्रॉन या जिवाणूचा जनुकसंच 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सल्फटेझांची 28 जनुकं आहेत. एका पेशीच्या जिवाकडे माणसापेक्षा जास्त! खुरांच्या रश्श्यातलं कॉन्ड्रॉइटिन सल्फेट लहान आतड्यातून जवळपास जसंच्या तसं खाली उतरतं आणि या मंडळींच्या पंगतीत पडतं. ते आधी साखळीचे छोटे तुकडे करतात, तुकडे आत ओढून घेतात, सल्फेट उतरवतात, आणि उरलेल्या शर्करांवर जगतात. आपल्या वाट्याला येतात ती त्यांनी टाकलेली छोटी आम्लं.

पण खूर रोज कोण खातं? जिवाणूने एवढी हत्यारं केवळ रविवारच्या सावजीसाठी बाळगलेली नाहीत. आतड्याच्या अस्तरावर श्लेष्म्याचा जो थर असतो, त्यातल्या शर्करांवरही सल्फेट असतं, आणि मोठ्या आतड्यात ते विशेष जास्त असतं. उपवास असो की जेवण, हा थर सतत तयार होत राहतो. जिवाणूला तो खायचा असतो. शरीराला तो राखायचा असतो. 2021 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं, की मोठ्या आतड्याच्या श्लेष्म्यापर्यंत पोचायला या जिवाणूला त्याच्या अनेक सल्फटेझांपैकी एकच अत्यावश्यक आहे. ते एक काढून घेतलं की बाकीचा शस्त्रसाठा असूनही तो श्लेष्म्यावर वाढू शकत नाही. शरीराने तिथे सल्फेट का लावलं असावं याचं उत्तर मला या प्रयोगात दिसतं: सहज कापता येऊ नये म्हणून.

दुसऱ्याच्या अवजारांवर जगणं किती टोकाला जातं, याचं सर्वांत सुंदर उदाहरण जपानमधलं आहे. सुशीभोवतीची काळपट नोरी लाल शेवाळापासून करतात, आणि त्यात पॉर्फिरान नावाची सल्फेटधारी शर्करा असते. फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या रॉस्कॉफ इथल्या समुद्रजीव केंद्रातले संशोधक झोबेलिया नावाच्या सागरी जिवाणूचा अभ्यास करत होते. पॉर्फिरान कापणारं विकर त्यांना त्यात सापडलं. मग त्यांनी हे जनुक आणखी कुठे आहे ते जनुकांच्या सार्वजनिक साठ्यात शोधलं. समुद्रातल्या जिवाणूंमध्ये ते मिळणं अपेक्षितच होतं. त्याखेरीज ते सापडलं जपानी माणसांच्या आतड्यातल्या जिवाणूंमध्ये, आणि तपासलेल्या उत्तर अमेरिकनांमध्ये कुठेच नाही. 2010 मध्ये हे प्रसिद्ध झालं. अर्थ असा, की पिढ्यानपिढ्या कच्च्या शेवाळासोबत पोटात जाणाऱ्या सागरी जिवाणूंकडून आतड्यातल्या जिवाणूंनी ते जनुक उचललं. खाण्याच्या सवयीने माणसाच्या पोटातलं रसायनशास्त्र बदललं, आणि तेही माणसाचं स्वतःचं एकही जनुक न बदलता.

नागपुरातल्या औषधाच्या दुकानात ‘ग्लुकोसामीन-कॉन्ड्रॉइटिन’च्या गोळ्या मिळतात. गुडघे कुरकुरायला लागले की घरातलं कुणीतरी त्या आणतंच. तर्क सरळ वाटतो: कूर्चा झिजली, कूर्चेचा माल तोंडावाटे भरा. पण तो माल आधी बॅक्टेरॉइडिसच्या पंगतीतून जायचा आहे, हे या तर्कात धरलेलंच नसतं. तरी अंदाजावर भिस्त नको, मोजलेलं काय ते पाहू. अमेरिकेत 1,583 गुडघेदुखीच्या रुग्णांवर 24 आठवडे चाचणी झाली आणि 2006 मध्ये तिचे निष्कर्ष आले. एकूण रुग्णांत या गोळ्या, एकेकट्या किंवा एकत्र, साखरेच्या गोळीहून ठळकपणे सरस ठरल्या नाहीत. मध्यम ते तीव्र वेदना असलेल्या एका छोट्या गटात जोडगोळीने थोडा फरक दिसला, पण त्यावर इमारत उभी करणं धाडसाचं होईल. माझं मत विचाराल तर त्या पैशात खुरांचा रस्सा प्यावा. गुडघ्याला फरक पडला नाही तरी जेवण तरी होतं.

जिवाणूंची कात्री आणि आपली कात्री यांत एक मुळातला फरक आहे. आपल्या पेशी साखळीचा जोड पाण्याचा एक रेणू वापरून तोडतात. कॉन्ड्रॉइटिन आणि हेपॅरिन तोडणारे बरेच जिवाणू पाणी वापरतच नाहीत. त्यांचं विकर जोडाशेजारचा एक हायड्रोजन खेचून काढतं, जोड आपोआप सुटतो, आणि तुटलेल्या टोकाच्या शर्करेत एक दुहेरी बंध राहून जातो. अशा विकरांना लायेझ म्हणतात. हा दुहेरी बंध 232 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतो. त्यामुळे साखळी किती तुटली हे मोजायला काही वेगळं घालावं लागत नाही: नळीतल्या द्रावणातून प्रकाश सोडायचा आणि शोषण कसं चढतंय ते पाहत बसायचं. जीवरसायनाच्या कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर हे जमतं.

या लायेझांना शोधण्याची रीत मातीतली होती, शब्दशः. 1956 मध्ये पायझा आणि कॉर्न यांनी मातीतले जिवाणू हेपॅरिनवर वाढवले. खायला दुसरं काही नसताना जो तगला, तो फ्लेव्होबॅक्टेरियम हेपॅरिनम. आता त्याला पेडोबॅक्टर म्हणतात. मातीत हेपॅरिन कुठून येतं, असा प्रश्न पडला तर एवढंच आठवावं, की मरणारा प्रत्येक प्राणी शेवटी मातीत येतो. कॉन्ड्रॉइटिन कापणाऱ्या विकरांचा बारकाईने अभ्यास जपानमध्ये नागोया इथे झाला. तिथे 1968 मध्ये सुझुकी आणि सहकाऱ्यांनी प्रोटियस व्हल्गॅरिस या जिवाणूतलं कॉन्ड्रॉइटिनेझ एबीसी शुद्ध केलं. ए, बी, सी ही त्या वेळी माहीत असलेल्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या तीन प्रकारांची अक्षरं. हे विकर तिन्ही कापतं.

त्या विकराला पुढे अनपेक्षित कामं मिळाली. मज्जारज्जूला इजा झाली की जखमेच्या जागी व्रण तयार होतो आणि त्यात कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ठासून भरतं. चेतातंतू तिथवर वाढत येतात आणि थबकतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या गटाने 2002 मध्ये इजा झालेल्या उंदरांच्या मज्जारज्जूत हे विकर सोडलं. तंतूंची वाढ काही प्रमाणात पुढे सरकली आणि उंदरांची हालचाल सुधारली. माणसात ते वापरणं अजून अवघड आहे, कारण शरीराच्या उष्णतेला हे विकर काही दिवसांतच निस्तेज होतं. मात्र कंबरेच्या सरकलेल्या चकतीसाठी त्याचं इंजेक्शन जपानने 2018 मध्ये मंजूर केलं, कॉन्डोलियेझ या नावाने. चकतीच्या गाभ्यातली पाणी धरणारी कॉन्ड्रॉइटिनची साखळी तोडली की गाभा आक्रसतो आणि नसेवरचा दाब कमी होतो. इथे विकराचं अल्पायुषीपण अडचण ठरत नाही, उलट सोयीचंच.

हेपॅरिनची गोष्ट अधिक गंभीर. 1916 मध्ये जॉन्स हॉपकिन्समधला वैद्यकीचा विद्यार्थी जे मॅक्लीन कुत्र्याच्या यकृतातून रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता आणि त्याच्या हाती रक्त गोठू न देणारा लागला. आज जगातलं बहुतेक हेपॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. 2021 च्या एप्रिलमध्ये नागपूरच्या कोविड वॉर्डांत पोटाच्या कातडीखाली टोचल्या जाणाऱ्या एनॉक्सापॅरिनच्या सुया ज्यांनी पाहिल्या, त्यांनी याच पदार्थाचं तोडून लहान केलेलं रूप पाहिलं. एनॉक्सापॅरिन रासायनिक रीतीने तोडतात. टिन्झापॅरिन नावाचं त्याचं भावंड मात्र मातीतल्या जिवाणूच्या हेपॅरिनेझनेच तोडतात. रुग्णाच्या रक्तात हेपॅरिन असताना रक्त मुळात कसं गोठतं हे तपासायचं असेल, तर नमुन्यात चिमूटभर हेपॅरिनेझ घालून औषध आधी नष्ट करतात.

2007-08 मध्ये अमेरिकेत हेपॅरिन दिलेल्या रुग्णांचा रक्तदाब अचानक कोसळू लागला. तिथल्या औषध प्रशासनाने 80 हून अधिक मृत्यूंचा संबंध या औषधाशी जोडला. चीनहून आलेल्या कच्च्या मालात भेसळ होती, आणि भेसळीचा पदार्थ होता कॉन्ड्रॉइटिन सल्फेट, पण रासायनिक रीतीने जादा सल्फेट चढवलेला. एवढं सल्फेट चढवलं की स्वस्त कूर्चेचा माल हेपॅरिनसारखा वागू लागतो आणि रक्त न गोठण्याच्या जुन्या चाचणीत पास होतो. भेसळ करणाऱ्याला रसायनशास्त्र उत्तम येत होतं, यात शंका नाही. ती उघडकीला आली ती चुंबकीय अनुनादाच्या तंत्राने आणि विकरांच्या मदतीने: हेपॅरिनेझ खऱ्या हेपॅरिनला कापतं, या बनावट साखळीला कापू शकत नाही.

आतापर्यंतची तोडफोड आतड्यात, मातीत, कारखान्यात चालली होती. पण हीच कामगिरी आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीला आतल्या आत करावी लागते, कारण कूर्चा, त्वचा, रक्तवाहिन्यांच्या भिंती सतत झिजतात आणि नव्याने बनतात. जुना माल लायसोसोम नावाच्या आम्लयुक्त पिशव्यांत जातो. बेल्जियमच्या ख्रिस्तियाँ द ड्यूव्ह यांनी 1955 मध्ये या पिशव्या ओळखल्या. 1974 चं नोबेल त्यांना त्या कामासाठी मिळालं. लायसोसोममध्ये साखळी टोकाकडून एकेक पायरी करत सुटते, आणि क्रम ठरलेला असतो. डर्मटान सल्फेट आणि हेपरान सल्फेट यांच्या टोकाला बऱ्याचदा इड्युरॉनिक आम्ल असतं आणि त्यावर सल्फेट. आधी इड्युरोनेट सल्फटेझ ते सल्फेट उतरवतं, मग इड्युरोनिडेझ ती शर्करा काढतं, मग पुढचं विकर पुढच्या शर्करेकडे वळतं. इथे एकाचं काम दुसरा करू शकत नाही. एक गैरहजर असला की मागचे सगळे रिकामे बसून राहतात आणि साखळी अर्धवट तुटलेली तशीच पडून राहते.

1917 मध्ये कॅनडातल्या विनिपेगच्या चार्ल्स हंटर या डॉक्टरांनी दोन भावांचं वर्णन केलं: ठेंगणे, जाड नाकाओठांचे, ताठर सांध्यांचे. दोन वर्षांनी म्युनिकच्या गर्ट्रूड हुर्लर यांनी तशाच चेहऱ्यामोहऱ्याच्या मुलांचं वर्णन केलं. त्यांच्या डोळ्यांची पारदर्शक बुबुळंही धुरकट होती. दोन्ही आजारांत पेशींत तेच दोन पदार्थ साठतात, डर्मटान सल्फेट आणि हेपरान सल्फेट. मग आजार एक की दोन? 1968 मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथे एलिझाबेथ न्यूफेल्ड आणि सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या त्वचेच्या पेशी वाढवल्या. त्यांना किरणोत्सारी सल्फेट दिलं की ते आत साठत जाई, बाहेर पडत नसे. मग हंटर आणि हुर्लर रुग्णांच्या पेशी एकाच बशीत एकत्र वाढवल्या, आणि साठवण थांबली. एकीकडे जे नव्हतं ते दुसरीकडे होतं, आणि ते पेशीबाहेर पडून शेजारणीच्या आत जात होतं. पुढे कळलं: हंटरमध्ये सल्फेट उतरवणारं विकर नसतं, हुर्लरमध्ये त्याच्या लगेच पुढचं. एका पायरीचं अंतर, म्हणून साठा तोच.

विज्ञानातल्या प्रयोगांत मला हा प्रयोग फार मोठा वाटतो, कारण त्याच्या निष्कर्षातच उपचार होता. पेशी बाहेरचं विकर आत घेत असेल, तर ते शिरेतून देता येईल. विकरावर मॅनोज-6-फॉस्फेटची खूण असली की पेशी ते उचलते आणि थेट लायसोसोममध्ये पोचवते, हेही नंतर उलगडलं. हुर्लरसाठी लॅरोनिडेझ 2003 मध्ये आलं, हंटरसाठी इड्युरसल्फेझ 2006 मध्ये. दर आठवड्याला काही तास सलाईनमधून द्यायचं, जन्मभर. मात्रा वजनावर ठरते, म्हणून मूल वाढेल तसा खर्च वाढतो.

नागपुरात किंवा गडचिरोलीत असं मूल जन्मतं तेव्हा ते अगदी सुदृढ दिसतं. मग वर्ष-दोन वर्षांत बेंबीचा किंवा जांघेचा हर्निया, सारखी सर्दी, कान फुटणं, मोठं होत जाणारं डोकं, पुढे आलेलं पोट. ही प्रत्येक तक्रार वेगळ्या डॉक्टरकडे जाते आणि प्रत्येक डॉक्टर ती बरी करतो. चेहरा बदलतो आहे हे घरच्यांना दिसतं, पण ‘मामावर गेलाय’ म्हणून विषय मिटतो. गंमत नाही, या वाक्यात निदानाचा धागा असू शकतो. हंटरचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. आई निरोगी वाहक, आजार मुलाला. म्हणून आईच्या भावांपैकी कुणाला असंच काही होतं का, कुणी लहानपणी गेला का, हे जनुकतज्ज्ञ आवर्जून विचारतात. हुर्लरचा वारसा वेगळा: दोन्ही आईवडिलांकडून एकेक बिघडलेलं जनुक यावं लागतं. महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची रीत अनेक समाजांत होती आणि काही घरांत अजून आहे. तिथे नवराबायकोला एकाच आजीआजोबांकडून तेच बिघडलेलं जनुक मिळण्याची शक्यता वाढते. म्हणजे दोन्ही आजारांत मामाची चौकशी होते, पण कारणं निराळी.

निदानाची पहिली पायरी स्वस्त आहे: लघवीत या न तुटलेल्या साखळ्यांचं प्रमाण मोजणं. पुढची पायरी विकराची. टाचेतून किंवा बोटातून घेतलेले रक्ताचे थेंब गाळणकागदावर वाळवतात, आणि त्या वाळलेल्या ठिपक्यांतूनही विकर किती सक्रिय आहे ते मोजता येतं. कागद टपालाने जाऊ शकतो, हा लांबच्या जिल्ह्यांसाठी मोठा दिलासा आहे. उपचाराचं तसं नाही. केंद्र सरकारचं दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण 2021 मध्ये आलं आणि 2022 मध्ये त्यातली मदतीची मर्यादा 20 लाखांवरून 50 लाख रुपयांवर नेली. ती मिळते ठरवून दिलेल्या उत्कृष्टता केंद्रांतून, आणि मुंबईतलं असं केंद्र म्हणजे परळचं केईएम रुग्णालय. नागपूरच्या कुटुंबासाठी रात्रभराचा रेल्वेप्रवास. जन्मभर चालायच्या औषधापुढे 50 लाख लवकर संपतात, आणि औषध थांबलं की साठवण पुन्हा सुरू होते. हुर्लरच्या तीव्र प्रकारात दुसरा मार्ग आहे, निरोगी दात्याच्या अस्थिमज्जेचा. 1980 च्या सुमारास लंडनमध्ये तो पहिल्यांदा चोखाळला गेला. दात्याच्या पेशी शरीरभर पसरतात, मेंदूतही शिरतात आणि तिथे विकर सोडत राहतात. पण हे साधारण अडीच वर्षांच्या आत व्हायला हवं, म्हणजे निदान त्याहून आधी.

मेंदू हाच सलाईनच्या उपचाराचा अडसर. शिरेतून दिलेलं विकर यकृत, प्लीहा, हृदय यांत पोचतं. पोट उतरतं, चालणं सुधारतं. मेंदूच्या रक्तवाहिन्या मात्र एवढ्या मोठ्या प्रथिनाला आत सोडत नाहीत, आणि हंटरच्या तीव्र प्रकारात मुलाचं बोलणं, समजणं ओसरत जातं. जपानमध्ये 2021 साली मंजूर झालेल्या पॅबिनाफस्प अल्फा या औषधात यावर एक युक्ती केली आहे. मेंदूला लोह लागतं, म्हणून त्याच्या रक्तवाहिन्यांवर लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिनसाठी ग्राहक प्रथिनं असतात. इड्युरोनेट सल्फटेझला या ग्राहकाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाची जोड दिली, आणि ते लोहाच्या वाटेने आत गेलं. चाचण्यांत मुलांच्या मणक्यातलं पाणी काढून तपासलं तेव्हा त्यातलं हेपरान सल्फेट घटलेलं होतं.